ड्राफ्टिंगच्या टेबलावरचा संगणक

ऑफिसात ड्रॉइंगच्या कामासाठी संगणक जोडून घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सुट्या भागांचे भाव, त्यातही रॅमचे, इतके हलतात की आज छापलेला आकडा अंक हातात पडेपर्यंत शिळा होतो. म्हणून रुपयांत काही लिहिलेलं नाही. कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही, एवढंच.

प्रश्न : आमचं आरसीसी डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. चार ड्राफ्ट्समन दिवसभर ऑटोकॅडमध्ये टू-डी काम करतात, मी ईटॅब्स (इमारतीच्या सांगाड्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर) चालवतो. पाचही संगणकांसाठी दुकानदाराने एकच कोटेशन दिलं आहे : कोअर आय७-१४७००एफ, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबीची एक रॅम, २५६ जीबी एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ‘४५० वॅट एसएमपीएससह’ (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यासह) कॅबिनेट आणि २२ इंची मॉनिटर. घ्यावं का? (सांगली)

असंच्या असं घेऊ नका. या कोटेशनमध्ये जे बोलताना भारी वाटतं त्यावर पैसा ओतलाय, आणि जे कामात जाणवतं तिथे कात्री लावली आहे.

ऑटोकॅडचं टू-डी काम, म्हणजे फाइल उघडणं, झूम-पॅन, सिलेक्शन, ट्रिम, रीजेन (पडद्यावरचं ड्रॉइंग पुन्हा उभं करणं), बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. १४७०० मध्ये २० कोअर आहेत. तुमचा ड्राफ्ट्समन कॉलमचं डिटेल काढत असताना त्यातले बहुतेक नुसते बसून असतात. तेव्हा कोअर मोजू नका, एका कोअरचा कमाल वेग बघा : आय३-१४१०० चा ४.७ गिगाहर्ट्झ, आय५-१४४०० चाही ४.७, आय५-१४५०० चा ५.०, आय७-१४७०० चा ५.४. म्हणजे शुद्ध टू-डी कामात चार कोअरचा आय३ दहा कोअरच्या १४४०० च्या जवळपास बरोबरीने चालतो. तरी चार ड्राफ्ट्समनसाठी आम्ही १४४०० च सुचवू, कारण बाजूला ब्राउझर, एक्सेल, पीडीएफ आणि अँटिव्हायरस उघडे असतातच. बजेट फारच ताणलं असेल तर आय३ घेतल्याने ड्रॉइंग अडणार नाही. तुमच्या ईटॅब्सचं गणित वेगळं आहे. त्याचं अ‍ॅनालिसिस एकाहून जास्त कोअर वापरतं, म्हणून तुमच्या एका संगणकात १४५०० घाला.

आय७ ला आणखी एक अडचण आहे. पूर्ण जोरात तो २१९ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. स्वस्त एच६१० बोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर बहुतेक वेळा हीटसिंकच नसतं. तो भाग तापला की बोर्ड आपणहून प्रोसेसरचा वेग उतरवतो. पैसे आय७ चे, वेग आय५ चा. शिवाय इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या चिप्स वाढीव व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये पुढे आलं. इंटेलने त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले, पण बोर्डचा बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) ताजा केल्याशिवाय ते लागू होत नाहीत. आय७ घ्यायचाच असेल तर बायोस आधी आणि विंडोज नंतर.

नावाच्या शेवटचं ‘एफ’ अक्षर खोडायला सांगा. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. अशा संगणकातलं कार्ड बिघडलं की पडदाच लागत नाही, आणि ती जागा कार्ड बदलून येईपर्यंत बंद. बिनएफच्या १४४०० मधलं ग्राफिक्स टू-डी कामाला आणि दोन फुल-एचडी मॉनिटरना पुरतं. चार ड्राफ्ट्समनच्या संगणकांतलं कार्ड काढून टाका.

मात्र आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, रॅममधून उसनी घेतं. म्हणून ८ जीबीची एकच स्टिक ही या कोटेशनमधली सगळ्यात वाईट ओळ. ८-८ जीबीच्या दोन स्टिक घ्या. दोन चॅनेल चालू झाले की रॅमचा वेग जवळपास दुप्पट होतो आणि फायदा थेट ग्राफिक्सला मिळतो. ईटॅब्सच्या संगणकात १६-१६ च्या दोन. दोन्ही स्टिक एकाच पाकिटातल्या किंवा निदान एकाच मॉडेलच्या असाव्यात. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही, म्हणून बोर्ड कुठल्या रॅमचा आहे ते बिलावर लिहून घ्या.

बोर्ड बी७६० चा, चार रॅम स्लॉटचा घ्या. एच६१० वर दोनच स्लॉट असतात. आज ८-८ घातल्या आणि उद्या ३२ हव्या झाल्या तर दोन्ही काढून ठेवाव्या लागतात. दुसरं म्हणजे एच६१० वर प्रोसेसरकडून एसएसडीला थेट जाणारा वेगवान रस्ता बंद असतो, आणि काही बोर्डांचा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) तर अर्ध्याच लेनचा असतो. ड्राफ्टिंगला हा फरक फारसा जाणवणार नाही, पण पाच वर्षांच्या वापरात बी७६० चे जादा पैसे वसूल होतात.

२५६ जीबी आणि १ टीबी ही जोडी आता काढून टाकावी. विंडोज, ऑटोकॅड आणि तात्पुरत्या फाइल मिळून २५६ लवकर भरते, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते. एकच ५०० जीबीची एनव्हीएमई (एम.२ मध्ये बसणारी वेगवान) एसएसडी घ्या, टीएलसी प्रकारची (एका पेशीत तीन बिट ठेवणारी). क्यूएलसी (चार बिटवाली) स्वस्त असते, पण मोठी कॉपी चालू असताना तिचा वेग मध्येच कोसळतो. ‘जेन४ घ्या, सात हजार एमबीचा वेग’ या बोलण्याला भुलू नका. पाच-दहा एमबीची ड्रॉइंग उघडताना जेन३ आणि जेन४ (जोडणीच्या वेगाची जुनी आणि नवी पिढी) मधला फरक घड्याळ लावूनही सापडत नाही. कामाच्या फाइल कुणाच्याच संगणकात नकोत, त्या सामायिक जागी ठेवा.

आता एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येतो त्याच्या लेबलवरचं मोठं ४५० विसरा आणि खाली बारीक अक्षरांतला तक्ता वाचा. त्यात +१२ व्होल्टचा रकाना असतो. प्रोसेसर आणि कार्ड तिथूनच वीज घेतात. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॅट, हीच त्याची खरी ताकद. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ३५-३६ अँपिअर दिसतात. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला, स्वतंत्र खोक्यात मिळणारा घ्या. हलका एसएमपीएस उडतो तेव्हा बरेचदा बोर्डलाही बरोबर घेऊन जातो.

वाचलेल्या पैशांतून मॉनिटर मोठे करा. ड्राफ्ट्समन आठ तास त्याच्याकडेच बघतो. २७ इंची, २५६० बाय १४४० चा आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा) मॉनिटर उत्तम. २७ इंचात १९२० बाय १०८० घेऊ नका. तेवढ्याच ठिपक्यांना जास्त जागेवर ताणल्याने डायमेन्शनची अक्षरं जाडीभरडी दिसतात. फुल-एचडीच परवडत असेल तर २४ इंच, आणि जमलं तर दोन. केबल एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची. व्हीजीएवर बारीक रेघा विरघळल्यासारख्या दिसतात, मग चूक नसताना चष्म्याचा नंबर तपासला जातो.

शेवटचं म्हणजे वीज. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. कार्ड नसलेला एक संगणक आणि एक मॉनिटर त्यावर दहा-पंधरा मिनिटं निघतात, सेव्ह करून बंद करायला तेवढं पुरे. त्यावर लेझर प्रिंटर कधीही लावू नका. त्याचा तापणारा रोलर क्षणात शेकडो वॅट ओढतो, यूपीएस ट्रिप होतो आणि संगणकही जातो. नवीन संगणक लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी अर्थिंग दुरुस्त करा, मगच नवा संगणक जोडा.

प्रश्न : इंटिरिअरचं काम आहे. प्लॅन ऑटोकॅडमध्ये, मॉडेल स्केचअपमध्ये, रेंडर (मॉडेलचं फोटोसारखं चित्र) एनस्केपवर. एक जण म्हणतो ‘डिझाइनला क्वाड्रोच लागतं’, दुसरा म्हणतो गेमिंगचं कार्ड घ्या. (पुणे)

तुमच्या कामाला गेमिंगचं. क्वाड्रो म्हणजे एनव्हिडियाची डिझाइनसाठीची व्यावसायिक कार्डं. ‘क्वाड्रोच लागतं’ हे वाक्य मेकॅनिकल डिझाइनच्या ऑफिसांतून आलंय, आणि तिथे ते खरंही आहे. सॉलिडवर्क्स, क्रिओ, कॅटिया या मंडळींना प्रमाणित कार्ड आणि त्याचा तपासलेला ड्रायव्हर लागतो. सॉलिडवर्क्समधला रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय) तर साध्या कार्डावर चालूच होत नाही. चाकणला कुणी फिक्श्चर डिझाइन करत असेल तर त्याने त्याच घराण्यातलं आरटीएक्स ए१००० बघावं. ते ५० वॅटवर चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही. त्याला चार मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, तेव्हा अडॅप्टर खोक्यात आहेत का ते दुकानातच उघडून बघावं.

ऑटोकॅड डायरेक्टएक्सवर चालतं, त्याला असल्या कार्डाचं वेगळं कौतुक नाही. एनस्केपला लागते ती कार्डावरची मेमरी. ८ जीबी ही सुरुवात धरा. टू-बीएचकेचा एक फ्लॅट त्यात निघतो. पण थ्री-डी वेअरहाउसमधून (स्केचअपच्या तयार मॉडेलांच्या साठ्यातून) उतरवलेली झाडं, पडदे आणि झुंबरं भरलेला अख्खा बंगला असेल तर मेमरी संपते आणि रेंडर अर्ध्यात बंद पडतो. म्हणून आरटीएक्स ५०६० टीआयचं १६ जीबीचं रूप घ्या. त्याच नावाने ८ जीबीचंही मिळतं, बिलावर १६ लिहून घ्या. ते कार्ड १८० वॅट ओढतं, एसएमपीएस चांगल्या प्रतीचा ६५० वॅटचा लावा.

मॉनिटरची केबल कार्डातच लावा. जोडणी करणाऱ्या पोराने सवयीने मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये खुपसलेली असते, आणि एवढं महागडं कार्ड महिनोन्‌महिने नुसता पंखा फिरवत बसतं.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवर जुनं वर्कस्टेशन बघितलं. दोन झिऑन ई५-२६८० व्ही३ प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, क्वाड्रो के२२००. नव्या आय५ संगणकापेक्षा स्वस्त आहे. ऑटोकॅडसाठी कसं? (ठाणे)

दणकट यंत्र आहे, पण तुमच्या कामाचं नाही. २४ कोअर खरे, पण एका कोअरचा कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ आणि रचना २०१४ ची. वर सांगितलेला साधा आय३ टू-डी कामात याला सहज मागे टाकतो. विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यात अशा मोठ्या यंत्रांचा एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या खास घडणीचे असतात. बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही.

जुनंच घ्यायचं तर कंपन्यांनी भाडेमुदत संपल्यावर काढलेले दहाव्या पिढीचे आय५-१०५०० वाले डेस्कटॉप शोधा. वेग ४.५ गिगाहर्ट्झ, विंडोज ११ चालतं. त्यात नवी एनव्हीएमई एसएसडी आणि १६ जीबी रॅम घाला. मात्र चपट्या कॅबिनेटमध्ये कार्ड बसवायचं झालं तर अर्ध्या उंचीचंच बसतं.

प्रश्न : सहा नवे संगणक घेतले, सगळे आय५, १६ जीबी. तरीही सर्व्हरवरची ड्रॉइंग उघडायला दीड-दोन मिनिटं लागतात. संगणक फसवून दिले का? (नाशिक)

बहुधा नाही. एक फाइल सर्व्हरवरून स्वतःच्या सी ड्राइव्हवर कॉपी करा आणि तिथून उघडा. चटकन उघडली तर दोष नेटवर्कचा. तेवढाच वेळ लागला तर दोष फाइलचा किंवा ऑटोकॅडच्या सेटिंगचा. हा प्रयोग केल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

नेटवर्क असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड बघा. १००० दिसायला हवं. १०० दिसत असेल तर सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी येतात. एक्सरेफ (जोडलेली दुसरी ड्रॉइंग) धरून २०० एमबीची ड्रॉइंग असली की नुसत्या वाहतुकीलाच सतरा-अठरा सेकंद जातात, १००० वर तेच काम दोनेक सेकंदांत होतं. कारणं बहुतेक वेळा दोनच. एक तर कोपऱ्यात, टेबलाखाली दहा वर्षांपूर्वीचा १०/१०० चा स्विच अजून चालू असतो. नाहीतर केबलच्या आठपैकी एखादी तार तुटलेली असते. १००० ला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणून नेट चालू दिसतं आणि कुणाला शंका येत नाही. टोकाचा प्लग कापून नवा दाबून घेतला की बरेचदा काम भागतं. आणि ड्रॉइंग वायफायवरून उघडू नका, लॅपटॉप असला तरी.

फाइलचा दोष असेल तर तो बघायला जास्त मजेशीर आहे. आधी पेज सेटअप मॅनेजर उघडा. जुन्या ऑफिसातला किंवा कन्सल्टंटकडचा नेटवर्क प्लॉटर तिथे नावाने बसलेला असतो. ऑटोकॅड प्रत्येक वेळी त्या नसलेल्या प्लॉटरला हाका मारत बसतं, आणि उत्तर येत नाही हे कळेपर्यंत तुमचं मिनिट जातं. प्रत्येक लेआउटचा प्रिंटर ‘डीडब्ल्यूजी टू पीडीएफ’ करून सेव्ह करा. ऑप्शन्समधल्या सपोर्ट फाइलच्या वाटांमध्येही बंद पडलेल्या जुन्या सर्व्हरचं नाव नाही ना ते बघा, त्यानेही हेच होतं.

मग साफसफाई. ऑडिट चालवा, चुका दुरुस्त करायला ‘यस’ म्हणा. नंतर पर्ज, म्हणजे न वापरलेल्या नोंदी काढणं. पण खिडकीतला पर्ज सगळं काढेलच असं नाही. पुढे वजाचं चिन्ह लावून कमांड लाइनवरचा पर्ज चालवा आणि त्यात रेगअ‍ॅप्स निवडा. एकाची फाइल दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने कॉपी-पेस्ट करत आलेल्या सँक्शन ड्रॉइंगमध्ये इतर प्रोग्रॅमनी सोडलेल्या अशा नोंदी हजारोंनी साठतात. एका मजल्याचा प्लॅन आणि फाइल ४० एमबीची, असं दिसलं की हाच संशय घ्यावा. एकावर एक पडलेल्या रेघा ओव्हरकिलने जातात, पण तो चालवण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवा. प्रीडीसीआरसाठी, म्हणजे बांधकाम परवानगीच्या संगणकीय तपासणीसाठी, लेयर लावलेल्या ड्रॉइंगवर तर तो सरसकट चालवूच नका. तिथे एकाच जागी वेगळ्या लेयरवर मुद्दाम काढलेल्या रेघा असतात.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क आरशासारख्या लावल्या आहेत म्हणून बॅकअप झाला असं समजू नका. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच पुसली जाते, रॅन्समवेअरही दोन्हीकडे पोचतं. आठवड्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

प्रश्न : भाग आणून स्वतः जोडणी केली. पंखे फिरतात, पण पडदा काळा. प्रोसेसर रायझन ५ ७६००, रॅम डीडीआर५. (कोल्हापूर)

आधी दहा मिनिटं थांबा. या बोर्डांवर पहिल्या वेळी रॅमची जुळणी चालते आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. घाबरून मध्येच बटण दाबलं की ती पुन्हा पहिल्यापासून.

तरी काही आलं नाही तर बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनांची प्रोसेसरची पॉवर केबल बघा. ती राहिली तरी पंखे फिरतात, म्हणून नवख्याच्या लक्षात येत नाही. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात, मोजणी प्रोसेसरच्या बाजूने. मग एकच स्टिक ठेवून बघा. तरीही काळाच असेल तर बोर्ड बाहेर काढा. कॅबिनेटच्या तळाला पितळी स्टँड-ऑफ असतात. बोर्डला भोक नाही अशा जागी एखादा राहिला असेल तर तो मागच्या बाजूने शॉर्ट करतो. पुठ्ठ्यावर ठेवलेला बोर्ड चालू झाला आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर दोषी तोच.

प्रश्न : मार्चनंतर दुपारी ऑटोकॅड अडखळतं, सकाळी ठीक असतं. (अकोला)

दुपारी, काम चालू असताना, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघा आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान. तापमान शंभर अंशांच्या आसपास आणि वेग दोन-अडीच गिगाहर्ट्झवर घसरलेला असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवतोय. इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला प्लास्टिकच्या चार पिना असतात. त्यातली एक जरी अर्धवट बसली तरी कूलर एका बाजूने उचललेला राहतो. बोर्डच्या मागून बघा, चारही काळी टोकं पूर्ण बाहेर आलेली दिसायला हवीत. कूलर काढलाच तर जुनी पेस्ट पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. आणि वाळ्याच्या कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर सोडू नका. ओलसर हवेत धुळीचा चिखल होऊन तो हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये बसतो, मग ब्लोअरनेही निघत नाही.

प्रश्न : असेम्बल संगणकाच्या बिलावर काय बघावं? (लातूर)

‘कॉम्प्युटर सेट, नग १’ असं बिल घेऊ नका. प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, मॉडेल आणि सिरियल नंबरसह हवा, कारण वॉरंटी सेटची नसते, भागाची असते. प्रोसेसर खोक्यातला आहे की ट्रेमधला (सुटा) ते लिहून घ्या. ट्रेमधल्याची जबाबदारी निर्मात्याकडे नसून विक्रेत्यावर असते. बिलावर तुमच्या ऑफिसचा जीएसटी क्रमांक टाकायला सांगा, १८ टक्क्यांचं क्रेडिट त्याशिवाय मिळत नाही. मदरबोर्ड आणि एसएसडीची खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.